‘येते’ म्हणून गेलात

प्रिय वन्सं,

काल शाळेतून परतताना ई-रिक्षात तुम्हाला काहीतरी सांगायला मी मान वळवली, तर तुमच्या जागेवर एक बाई मांडीवर फ्लॉवरचा गड्डा घेऊन बसलेली. माझ्या तोंडून निघूनही गेलं होतं, “अहो, ऐकलंत का, आज जस्सीनं...” बाई दचकली. म्हणाली, “जी?” मी म्हटलं, “कुछ नहीं जी.” मग घर येईपर्यंत आम्ही दोघी फ्लॉवरकडे बघत बसलो.

सांगायचं तर होतंच. शाळेतली गोष्ट रिक्षात सांगून मोकळं व्हायचं, ही इतक्या वर्षांची सवय. तुमच्या भावाला सांगायला जावं तर ते वर्तमानपत्रामागून “बरं बरं” म्हणतात. म्हणून आज लवकर आले, शाळा उघडली, तुमच्या टेबलाशी बसले आणि लिहायला घेतलं. तुम्हीच मुलांना सांगायचात ना, बोलता येत नसेल तर लिहा, लिहिता येत नसेल तर चित्र काढा, तेही नको असेल तर बोट दाखवा. मी अजून लिहिण्यापर्यंत आहे. पुढचं काही सांगता येत नाही.

मायन्यात ‘वन्सं’ लिहिलंय म्हणून हसू नका. परवा आपली मुक्ता मला विचारत होती, “आई, वन्सं म्हणजे एक्झॅक्टली काय असतं?” जन्मल्यापासून आत्याला मी याच नावानं हाक मारताना ऐकलंय तिनं, आणि आता विचारते. मी म्हटलं, नवऱ्याची बहीण. तर म्हणाली, “अच्छा, ननद!” हो बाई, ननद. दिल्लीत वाढवली की पोरं अशी होतात. खरं तर मी लग्न होऊन सांगलीहून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हाही हा शब्द जुनाटच झाला होता. मी तो तुम्हाला चिडवायला काढला होता. तुम्ही वयानं मोठ्या, शिकलेल्या, लग्न न करता स्वतःच्या पायावर उभ्या, आणि मला तुमची मनातून भीती वाटायची. चिडवता चिडवता तो चिकटला तो चिकटलाच.

त्याच क्वार्टरच्या दारात तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात, आठवतं? मी करोल बागेत ब्लाउजपीस आणायला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, “जाते हं.” तुम्ही आतून, “वहिनी, जाते म्हणू नये. येते म्हणावं.” हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईनं लाख वेळा बजावलं होतं. पण तुमच्या तोंडून ते ऐकून मला गंमत वाटली. तुम्ही उपास न करणाऱ्या, ग्रहणात बिनधास्त जेवणाऱ्या. मी विचारलं, “तुम्ही हे मानता?” तुम्ही म्हणालात, “मानत नाही. पण म्हणायला काय जातं?”

त्या वेळी मी हसले होते. आता त्या ‘काय जातं’चं काय करू, ते सांगा.

शाळा निघाली तेव्हा आपण मयूर विहारला फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. विशेष मुलांच्या मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून तुम्ही तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक अंगण घेतलंत, फाटकाला निळा रंग दिलात, आणि मला म्हणालात, “वहिनी, दोन दिवस मदतीला या.” ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. तुम्ही मला वहिनी म्हणता म्हणून मुलं मला ‘वैनी मैम’ म्हणायला लागली. कुणा पालकांनी तर दिवाळीच्या मिठाईच्या डब्यावर ‘वेणी मॅडम’ लिहून पाठवलं होतं, तेव्हा तुम्ही खुर्चीवरून पडायच्या बाकी होतात. तुम्ही सगळ्यांच्या ताई. मुलांना वाटायचं तुमचं नावच ताई आहे. अजूनही वाटतं.

त्या पहिल्या दिवसांत फाटकात काय आक्रोश चालायचा! आया म्हणायच्या, “मम्मी जा रही है,” आणि मूल हंबरडा फोडायचं. त्यात त्या मुलांचं काय चुकलं? आई स्वतःच सांगत होती की ती जाते आहे. मग तुम्ही एक सकाळ फाटकात उभ्या राहिलात आणि एकेका आईला सांगितलंत, “‘जा रही हूँ’ नहीं बोलना. ‘आती हूँ’ बोलिए. और जो टाइम बोलिए, उस टाइम पर आइए.” एक वडील वाद घालायला लागले, “मैडम, आ कहाँ रहे हैं? जा ही तो रहे हैं ना.” तुम्ही त्यांना म्हणालात, “हमारे यहाँ ऐसा ही बोलते हैं.” जणू काही तुमचं मूळ गाव नाशिक हा वेगळा देश आहे.

पण रडं थांबलं. आई ‘आती हूँ’ म्हणायची आणि यायची. हळूहळू मुलंही संध्याकाळी निघताना म्हणायला लागली, “आता हूँ, ताई. आती हूँ, वैनी मैम.” कॉलनीतल्या लोकांना वाटायचं, या नीले गेटवाल्या स्कूलमध्ये जाताना ‘येतो’ म्हणायला शिकवतात, म्हणजे शाळा नक्की कसल्या मुलांची आहे?

मी तेव्हाच म्हटलं होतं, वन्सं. आपल्याकडचं ‘येते’ वेगळं आणि इथलं ‘आती हूँ’ वेगळं. आपण ‘येते’ म्हणतो तेव्हा सगळ्यांना ठाऊक असतं की बाई निघाली. इथे ‘आती हूँ’ म्हटलं की माणूस दोन मिनिटं दाराकडे बघत बसतो. तुम्ही म्हणालात, “आपल्या मुलांना कळतं.” तुमचं दुसरं तत्त्व त्याला जोडून होतं ना, मुलांना जे सांगायचं ते करायचंच, आणि करायचं नसेल ते सांगायचं नाही. ते तुम्ही इतकं कडक पाळलंत की मला तुमचा राग यायचा. एकदा सांगून बसलात, शुक्रवारी मेट्रोनं फिरायला जाऊ. शुक्रवारी धुकं असं की आपलं फाटक आपल्याला दिसेना. मी म्हटलं, सोमवारी नेऊ. तुम्ही ऐकलंत? सगळ्यांना एकमेकांच्या स्वेटरला धरून रांगेत नेलंत, एक स्टेशन गेलात आणि परत आलात. “शुक्रवार म्हटलं होतं,” एवढंच म्हणालात. मी दिवसभर खोकत होते.

आणि अशा बाईनं जस्सीला तसं सांगावं?

आता जस्सीचं सांगते. तुम्हाला काय सांगायचं तिच्याबद्दल, तुम्हीच तिला बोलायला शिकवलंत. ती आता तरणीताठी पोरगी आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण फाटकाची कडी अजून तिचीच. कुणी आलं की तीच उघडणार, तीच लावणार, आणि मग भिंतीवरच्या बोर्डावर त्या माणसाचा फोटो ‘घर’ या रकान्यातून काढून ‘स्कूल’ या रकान्यात लावणार. निघताना उलट. दुसरा कुणी फोटोला हात लावला तर खैर नाही.

त्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं. तुमचे भाऊ टॅक्सी घेऊन आले. तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू न देता पर्स घेतलीत, फाटकाशी आलात. जस्सीनं कडी काढली आणि विचारलं, “ताई कहाँ?” तुम्ही म्हणालात, “डॉक्टर के पास. आती हूँ.” तिनं विचारलं, “कब?” तुम्ही म्हणालात, “खाने से पहले.”

मी तिथेच उभी होते. मी ऐकलं. हे ‘खाने से पहले’ कुठून काढलंत तुम्ही? वेदना होत होत्या म्हणून? टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता म्हणून? की तुम्हाला खरंच वाटत होतं, ईसीजी काढतील आणि सोडतील? मी रोज वेगळं उत्तर काढते. कधी वाटतं, जुनी सवय, ओठांवर आलं ते बोललात. कधी वाटतं, नाही, तुम्ही पोरीचा चेहरा बघितलात आणि आयुष्यात पहिल्यांदा थाप मारलीत. यातलं कुठलं बरं म्हणू? मला खरंच कळत नाही.

जस्सीनं तुमचा फोटो ‘घर’मध्ये लावलाच नाही. खाने से पहले येणार, मग हलवायचा कशाला?

तुम्ही गेल्यावर घरी माणसं यायला लागली. लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या शेजारणीसुद्धा आल्या. बसायच्या, तुमच्या आठवणी काढायच्या, आणि मग मुकाट उठून चालू पडायच्या. ‘येते’ न म्हणता. मरणाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं, हे मलाही पाठ आहे, आयुष्यभर पाळलं आहे. पण त्या वेळी मी दारात उभी राहून एकेकीची पाठ बघत होते आणि मला एकदम वाटलं, बघा, या बायकांना हा शब्द कुठे वापरायचा नाही हे बरोबर कळतं. फक्त आमच्या वन्संना कळलं नाही. मला तुमचा संताप आला. दाराशीच रडले. लोकांना वाटलं, दुःखानं.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. पालक आले होते, मुलं आली होती, तुमच्या मोठ्या फोटोला हार होता. सोसायटीच्या अध्यक्षांनी चांगलं भाषण केलं. शेवटी म्हणाले, “ताई कहीं नहीं गईं. ताई यहीं हैं, हमारे बीच में हैं.” झालं. जस्सी उठली. खुर्च्यांच्या रांगांमधून हिंडायला लागली. दोन खुर्च्यांच्या मधे वाकून बघायची, पुढे जायची, पुन्हा वाकायची. अध्यक्ष बोलायचे थांबले. तिची आई, परमजीत, तिला धरायला धावली तर जस्सी म्हणाली, “अंकल ने बोला, बीच में.” मला हसू आलं, वन्सं. तिथे, तुमच्या फोटोसमोर. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि मग अध्यक्षांना झापलं असतं.

त्यानंतर शाळेत ज्यानं त्यानं आपापल्या परीनं तिला समजवायला घेतलं. आपली रेखा, इतकी वर्षं वर्ग घेतेय, तिनंही डोळे पुसत सांगितलं, “बेटा, ताई चल बसीं.” जस्सीनं विचारलं, “कौन सी बस?” फिजिओथेरपीवाले सर म्हणाले, ताई सो गईं. जस्सी म्हणाली, “उठाओ.” कुणी सांगितलं, भगवानजी के घर गईं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “खाने से पहले आएगी?”

आणि ती जेवेना. डबा मांडीवर घेऊन फाटकाजवळच्या स्टुलावर बसायची. झाकण उघडायची नाही. ताई खाने से पहले आएगी. ताई आली नाही, म्हणजे खाण्याची वेळ झालेली नाही. हिशेब किती सरळ! बाकीची मुलं जेवून, हात धुऊन, पुन्हा वर्गात बसली तरी जस्सीची सकाळच चालू. घरी जाऊन थोडंफार खायची, पण तेही कमी होत गेलं. तिचे गाल बसले. परमजीत रोज फाटकात रडायची. शेवटी म्हणाली, “वैनी जी, मैं इसे घर पर ही रख लेती हूँ. यहाँ तो ये गेट पर बैठे-बैठे ख़त्म हो जाएगी.” मी म्हटलं, “थोड़ा रुकिए.” कशासाठी थांबा, ते मला माहीत नव्हतं.

घरी राहून जस्सी काय करणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत यायच्या आधी ती पलंगाखाली बसून असायची.

तुमच्या भावाला विचारलं, काय करू? म्हणाले, “सांग नाशिकला गेलीय.” मी म्हटलं, “मग ती विचारेल, कधी येणार.” म्हणाले, “सांग दिवाळीनंतर.” आणि मग दिवाळीनंतर? त्यावर वर्तमानपत्र वर झालं. ते वाईट नाहीत हो. त्यांची बहीण गेलीय, त्यांना स्वतःलाच कुणीतरी नाशिक सांगावं असं वाटत असेल.

म्हणजे जस्सीला खरं सांगायचं, हे ठरलं. तत्त्व तुमचंच. पण कुठल्या शब्दात? मी बसले शब्द शोधत. मराठीत आपल्याकडे किती आहेत बघा: वारल्या, निवर्तल्या, देवाज्ञा झाली, देवाघरी गेल्या. आणि घरात बोलायचा साधा शब्द कुठला? गेल्या. नुसतं ‘गेल्या’ म्हटलं की आपल्याला कळतं. म्हणून तर ‘जाते’ म्हणायचं नाही! म्हणजे जो एक शब्द मला हवा होता तोच तुम्ही निळ्या फाटकातून इतकी वर्षं आत येऊ दिला नव्हता. या मुलांनी ‘जाणं’ कधी ऐकलंच नाही. त्यांच्या शाळेत सगळे येतच असतात. मी आता ‘ताई गई’ म्हटलं तर जस्सीला ते काय कळणार? ती विचारणार, किधर गई, कब आएगी.

राहिला तो शेवटचा शब्द. तो माझ्या जिभेवर दिवसभर असतो. मेला हा कुकर, मेली ही लाइट, मेलं ते नेट. तुम्ही म्हणायचात, वहिनी, तुमच्या घरात एकही वस्तू जिवंत नाही. पण माणसाला आपण तो शब्द लावतो का? कुकर मरतो, माणूस जातो. तुमच्यासाठी तो उच्चारायचा म्हटलं तर माझी दातखीळ बसायची. आरशासमोर म्हणून बघितला. हिंदीतून म्हणून बघितला. हिंदीत जरा सोपा जातो, का ते विचारू नका. बहुतेक परक्या भाषेत आपलं कुणी मरत नसावं.

काल दुपारी मी माझा डबा घेतला आणि फाटकाशी जस्सीच्या शेजारी दुसरं स्टूल टाकून बसले. ती रस्त्याकडे बघत होती. मी म्हटलं, “जस्सी, ताई मर गई.”

तिनं मान वळवली. “मर गई,” ती म्हणाली. तिची सवय तुम्हाला माहीत आहे, आधी आपलं वाक्य परत देते. मग म्हणाली, “मतलब?”

“मतलब शरीर बंद हो गया. साँस बंद. फिर चालू नहीं होता.”

तिनं अंगणातल्या पाण्याच्या मोटरकडे बोट दाखवलं. “मोटर बंद थी. भैया ने ठीक की.”

“मोटर ठीक होती है. ताई ठीक नहीं होगी. डॉक्टर ने कोशिश की, नहीं हुआ.”

ती मोटरकडेच बघत होती. बाहेरून एक भाजीवाला ओरडत गेला. मग म्हणाली, “ताई ने बोला, आती हूँ. खाने से पहले.”

“हाँ. बोला.”

“नहीं आई.”

“नहीं आई.”

“झूठ?”

वन्सं, या प्रश्नासाठी मी तयार नव्हते. हो म्हणावं तर तुमची आयुष्यभराची इज्जत गेली. नाही म्हणावं तर तिला पुन्हा बसायला कारण मिळालं. आणि मग तोंडातून निघालं, “झूठ नहीं. ताई से गलती हुई.”

आता तुम्ही रागवा हवं तर. पण पुढचं ऐका.

आपल्या वर्गात कुणाचं दूध सांडलं, कुणाचा मणी चुकीच्या दोऱ्यात गेला, की तुम्ही काय म्हणायला शिकवलंत? आधी ‘गलती हुई’. मग ‘कोई बात नहीं’. मग ‘फिर से करते हैं’. इतक्या वर्षांत भिंतींनीसुद्धा पाठ केलं असेल. जस्सीनं माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडेच बघत हळू म्हणाली, “ताई से गलती हुई.” मग, “कोई बात नहीं.”

मी वाट बघत होते. तिसरं वाक्य ती म्हणाली नाही.

तिनं डब्याचं झाकण काढलं. आत पराठे होते आणि आंब्याचं लोणचं. एक पराठा संपवला, दुसरा संपवला, बोट चाटलं. माझी पोळी तशीच राहिली होती, तीही तिनंच घेतली.

मग उठली, हात धुतले, आणि बोर्डापाशी गेली. तुमचा फोटो काढला. ‘स्कूल’कडे बघितलं. ‘घर’कडे बघितलं. पुन्हा ‘स्कूल’कडे. मला वाटलं, आता रडणार, आता आपटणार. ती आली आणि फोटो माझ्या हातात दिला. “जगह नहीं है,” म्हणाली, आणि वर्गात जाऊन बसली.

तो फोटो आता माझ्या पर्समध्ये आहे, मेट्रो कार्डाच्या कप्प्यात. कुठे ठेवू? तुमचे भाऊ म्हणतात, शाळेत तो मोठा हारवाला लावू. मला तो आवडत नाही, त्यात तुम्ही फार समजूतदार दिसता. या छोट्या फोटोत तुमचा एक डोळा मिटलेला आहे. पण हा बोर्डावर नाही बसत, देव्हाऱ्यातही नाही बसत. राहू दे सध्या पर्समध्ये. काल घरून बाजारात निघाले, तर स्टेशनच्या गेटवर कार्डाऐवजी तुम्हालाच मशीनला लावलं. उघडलं नाही.

हे सगळं मला रिक्षात सांगायचं होतं. पण आणखी एक आहे, आणि खरं तर त्याच्यामुळे रात्री डोळा लागला नाही.

काल संध्याकाळी शाळा सुटली. नेहमीसारखी मुलं फाटकातून निघत होती, आता हूँ, आती हूँ. जस्सी सगळ्यांचे फोटो ‘घर’मध्ये लावून शेवटी निघाली. परमजीत बाहेर स्कूटीवर होती. जस्सीनं बाहेर पाऊल टाकलं, वळली, आणि माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, “जस्सी जा रही है.”

रेखाच्या हातातली चावी खाली पडली. या फाटकात हे वाक्य! मी म्हणणार होते, असं नाही बोलायचं, बाळा, आती हूँ म्हण. तोंड उघडलंसुद्धा. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं बरोबर तेच सांगितलं जे ती करत होती. तुम्हीच तर शिकवलंत, जे करणार ते बोलायचं.

मी फक्त विचारलं, “कल?” ती परमजीतच्या मागे बसली. स्कूटी वळली आणि गेली.

याचा अर्थ काय, वन्सं? ती ताईसारखी जाते म्हणाली का? परमजीतनं तिला सांगून ठेवलं होतं का, की उद्यापासून शाळा नाही? फोन करून विचारायचा धीर झाला नाही. की ‘येते’ या शब्दावरचा तिचा विश्वासच उडाला, आणि आता जन्मभर कुणाच्याच ‘येते’ला ती भुलणार नाही? तसं असेल तर मी बरं केलं की वाईट? मला वाटलं होतं, एकदा खरं सांगितलं की सगळं सुटसुटीत होईल. झालं उलटंच. आधी निदान एक गोष्ट माहीत होती, की तुम्ही कधी चुकत नाही.

पालक विचारतात, आता शाळा कोण चालवणार? मी काय सांगू? मला डिप्लोमा नाही. माझं सगळं शिक्षण रिक्षात झालं, तुमच्या शेजारी. कुणी दहा वर्षांचं विचारलं तर मला माहीत नाही. पुढच्या महिन्याचंही माहीत नाही. आज फाटक उघडलं आहे, उद्याही उघडीन, एवढं येतं मला सांगता. तुमची मोठमोठी वचनं तुमच्याजवळ.

पण एक वचन देते, झेपेल असं. या फाटकात मी कुठल्याही मुलाला वेळ सांगून ‘आती हूँ’ म्हणणार नाही, जोवर ती वेळ माझ्या हातात नाही. माझ्या हातात नसेल तर म्हणेन, पता नहीं. मुलांना ‘पता नहीं’ शिकवायचं आपलं राहूनच गेलं होतं. मला तो विषय चांगला येतो. आणि कुणाचं चुकलं तर, अगदी तुमचं असलं तरी, गलती हुई म्हणेन, कोई बात नहीं म्हणेन. तिसरं वाक्य जिथे लागू पडेल तिथेच म्हणेन.

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल.

थांबा. फाटकाची कडी वाजली. बाहेरून कुणी वाजवली तर खडखड होते, ही तशी नाही. ही हात आत घालून, नीट वर उचलून काढली आहे. असं एकच माणूस काढतं.

खिडकीतून दिसते आहे. पिवळा डबा घेऊन आली आहे. ‘जा रही है’ म्हणून गेलेली मुलगी परत आली, वन्सं, आणि ‘येते’ म्हणून गेलेल्या तुम्ही... जाऊ दे. हे कोडं मला सुटायचं नाही. ती आता बोर्डापाशी उभी आहे. माझा फोटो अजून ‘घर’मध्येच आहे, कारण आज मी तिच्याआधी आले. तो ‘स्कूल’मध्ये हलवून झाला की ती मला शोधायला येईल.

पत्र संपवायला हवं. आणि संपवताना बघा कशी पंचाईत झाली. सवयीनं लिहायला गेले होते ‘येते’. पेन थांबलं. तुम्ही आहात तिथे ‘येते’ म्हणून कळवणं काही बरं नाही. एवढ्यात तरी नाही. इथे डबे उघडायचेत, कडी लावायचीय. म्हणून आज, तुमच्या दारात जे एकदा म्हटलं आणि बोलणी खाल्ली, तेच पुन्हा म्हणते. मानू नका, पण म्हणायला काय जातं?

जाते हं.

तुमची,
वहिनी